पहाऱ्यावरचा कॅमेरा आणि घरातले जाळे

चोरी होते, पोलीस येतात, घरमालक मोठ्या विश्वासाने कॅमेऱ्याचे चित्रण लावतात आणि पडद्यावर दिसतो तो टोपी घातलेला एक राखाडी ठिपका. माणूस आहे एवढे कळते. कोण, ते कळत नाही. कधी निराशा याच्याही आधी पदरी येते. हवा तो दिवसच यंत्रावर उरलेला नसतो, किंवा नेमका त्या रात्री कॅमेरा बंद पडलेला असतो. चौथा प्रकार असा, की त्याची घरमालकाला वार्ताही नसते. कॅमेरा चालू असतो, चित्र उत्तम असते, पण ते पाहणारा भलताच कुणी असतो.

शहरांत काय आणि तालुक्याच्या गावी काय, घरांना आणि शाळांना आता कॅमेरे लागले आहेत. ते बसवणारा कारागीर दोन-चार तासांत काम उरकून जातो. वरील चारही फजित्यांची बीजे बहुधा त्या दोन-चार तासांतच पेरली जातात. गंमत अशी की त्या टाळायला लागणारे विज्ञान नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे फारसे नाही. समरूप त्रिकोण, ओहमचा नियम, थोडे गुणाकार आणि घातांक, एवढ्यावर भागते. म्हणूनच हा विषय शिक्षकांसाठी आम्ही निवडला.

घराच्या दारावर कॅमेरा लावण्याची कल्पना तशी जुनी आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती आल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा व्यवस्थेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळाले. दाराला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रे, त्यांमागे वरखाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत पडदा, अशी ती रचना होती. कॅमेऱ्यापासून पडद्यापर्यंतचे सगळे घरातल्या घरात होते. पुढे १९९१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत काही संशोधकांनी एक कॅमेरा कॉफीच्या भांड्यावर रोखला. भांडे रिकामे असताना उगाच जिने चढावे लागू नयेत, एवढाच हेतू. चित्र १२८ × १२८ ठिपक्यांचे, करड्या छटांचे आणि मिनिटाला तीनेकदा बदलणारे होते. ते प्रयोगशाळेच्या संगणक-जाळ्यावरून प्रत्येकाच्या टेबलापर्यंत जाई. १९९३ मध्ये ते इंटरनेटवर आले आणि २००१ मध्ये कॅमेरा बंद होईपर्यंत जगभरातल्या लोकांनी ते कॉफीचे भांडे पाहिले.

ब्राउनबाईंचा कॅमेरा आणि कॉफीवरचा कॅमेरा यांतला फरक आपल्या विषयाचे मर्म आहे. आज आपण घराला लावतो तो कॅमेरा कॉफीवरच्या कॅमेऱ्याच्या वंशातला आहे. त्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो. तो चित्राचे आकडे करतो आणि ते आकडे जाळ्यावर पाठवतो. जाळे कसे विणले आहे, त्यावर चित्र पोचेल की नाही हे ठरते आणि कुणाकुणाला पोचेल हेही ठरते.

चेहरा किती ठिपक्यांचा?

आधी चित्राकडे पाहू. ‘दोन मेगापिक्सेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० ठिपके रुंद आणि १०८० ठिपके उंच असते. ठिपके तेवढेच राहतात. ते किती मोठ्या दृश्यावर पसरायचे, हे भिंग ठरवते. घरगुती कॅमेऱ्यांत २.८ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग सर्रास असते. त्यामागची प्रकाशसंवेदी चकती सोयीसाठी ५.६ मिलिमीटर रुंद धरू. समरूप त्रिकोणांवरून,

दृश्याची रुंदी ÷ अंतर = चकतीची रुंदी ÷ नाभीय अंतर = ५.६ ÷ २.८ = २

म्हणजे १० मीटरवरचे फाटक पाहताना कॅमेरा २० मीटर रुंदीचे दृश्य टिपतो. १९२० ठिपके २० मीटरवर पसरले, म्हणजे मीटरमागे ९६ आले. माणसाचा चेहरा साधारण १६ सेंटिमीटर रुंद धरला तर त्याच्या वाट्याला जेमतेम १५ ठिपके येतात. अनोळखी माणूस खात्रीने ओळखता येण्यासाठी मीटरमागे २५० ठिपके आणि ओळखीचा माणूस ओळखण्यासाठी १२५ ठिपके असावेत, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. या भिंगाने अनोळखी चेहरा ओळखायचा तर माणूस चार मीटरच्या आत यायला हवा.

वर्गात हे करून पाहण्यासारखे आहे. आलेख कागदावर १५ × १५ चौकोन आखा, एखाद्याचे छायाचित्र त्यावर कल्पून प्रत्येक चौकोन एकाच करड्या छटेने भरा आणि कागद दुसऱ्या वर्गाला दाखवा. मग ४० × ४० चौकोनांत तेच करा. ठिपके वाढले की ओळख कशी अचानक पटू लागते, हे मुलांना सांगावे लागत नाही.

यावर दुकानदार अधिक मेगापिक्सेलचा कॅमेरा सुचवतो. पण आठ मेगापिक्सेलचे चित्र ३८४० ठिपके रुंद असते. ठिपके चौपट झाले तरी रुंदीत ते दुपटीनेच वाढतात, त्यामुळे ओळखीचे अंतरही दुप्पटच होते. त्यापेक्षा भिंग बदलणे स्वस्त पडते. सहा मिलिमीटरचे भिंग १० मीटरवर सुमारे ९ मीटर रुंदीच पाहते आणि तेवढ्याच ठिपक्यांत चेहऱ्याला ३० हून अधिक ठिपके मिळतात. बदल्यात आजूबाजूचे अंगण दिसेनासे होते. आम्हाला विचाराल तर अंगणासाठी एक रुंद नजरेचा आणि दाराच्या वाटेवर एक अरुंद नजरेचा, असे दोन साधे कॅमेरे एका महागड्या कॅमेऱ्यापेक्षा बरे. शिवाय दारावरचा कॅमेरा अडीच-तीन मीटरहून उंच नको. गच्चीच्या कठड्यावरून टोप्या आणि टकले यांचेच उत्तम चित्रण होते.

रात्रीची गोष्ट आणखी वेगळी. अंधार पडला की कॅमेऱ्यातून बारीक ‘टिक्’ असा आवाज येतो. दिवसा अवरक्त किरण अडवणारी काच चकतीसमोरून बाजूला सरकते आणि कॅमेऱ्याभोवतीचे अवरक्त दिवे लागतात. त्यांची तरंगलांबी बहुधा ८५० नॅनोमीटर असते. आपल्या डोळ्यांना तो फार तर मंद लाल डाग दिसतो, पण सिलिकॉनची चकती सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकते. दूरदर्शन संचाचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबले की हेच दिसते. मागच्या कॅमेऱ्याने दिसले नाही तर पुढच्याने पाहावे. मागच्यावर अवरक्त अडवणारी काच सहसा अधिक कडक असते. हे दिवे जवळच्या वस्तूवर भरपूर आणि दूरच्या वस्तूवर अगदी थोडे पडतात. म्हणून छज्जाला किंवा पांढऱ्या भिंतीला खेटून लावलेला कॅमेरा रात्री ती भिंतच लखलखीत दाखवतो आणि फाटक काळोखात राहते. भिंगासमोर कोळ्याने जाळे विणले तर विचारूच नका.

हजेरीपटाची युक्ती

आता आकडेमोड. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येकी एक बाइट धरू. एका चित्राचे २०,७३,६०० × ३, म्हणजे ६२ लाखांहून अधिक बाइट झाले. सेकंदाला २५ चित्रे आणि बाइटमागे ८ बिट धरले, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट. कॅमेऱ्याला जोडायची साधी तार सेकंदाला १० कोटी बिटच वाहते. मग चित्र जाते कसे?

शिक्षक हजेरी कशी घेतात ते आठवा. साठ मुलांची नावे रोज नव्याने लिहून काढत नाहीत; पटावर नावे एकदाच असतात आणि रोज फक्त गैरहजेरी मांडली जाते. कॅमेऱ्यातला संगणक तेच करतो. दर एक-दोन सेकंदांनी एक पूर्ण चित्र पाठवतो आणि मधल्या चित्रांबद्दल फक्त ‘आधीपेक्षा काय बदलले’ तेवढे सांगतो. भिंत तीच, झाड तेच, फाटक तेच. मांजर तेवढी डावीकडे सरकली. याशिवाय डोळ्याला सहज न जाणवणारे बारकावेही तो गाळतो. २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीने १२४ कोटींचे ओझे सेकंदाला साधारण ४० लाख बिटांवर येते. म्हणजे तीनशेव्या भागापर्यंत! २०१३ मधली एच.२६५ ही पद्धत त्याहून काटकसरी आहे.

पण काटकसर बदल कमी असण्यावर अवलंबून आहे. मुसळधार पाऊस, वाऱ्यात झुलणारा माड किंवा अंधारात चित्रात उठणारी मुंग्यांसारखी वळवळ यांनी पटावरच्या सगळ्यांचीच हजेरी बदलते. मग ठरवून दिलेल्या बिटांत मावावे म्हणून कॅमेरा बारकावे अधिक गाळतो. म्हणजे पावसाळी रात्री चेहरा आणखी पुसट होतो.

साठवणीचा हिशेब मुलांना घालता येईल. सेकंदाला ४० लाख बिट म्हणजे ५ लाख बाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. गुणाकार ४,३२० कोटी बाइट, म्हणजे ४३.२ गिगाबाइट. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ गिगाबाइट होतात. रेकॉर्डरमध्ये एक टेराबाइटची, म्हणजे १००० गिगाबाइटची हार्डडिस्क असेल, तर ती सहाव्या दिवशी भरते आणि मग यंत्र सर्वांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहू लागते. गणपतीला दहा दिवस कोकणात गेलेल्या कुटुंबाच्या घरी दुसऱ्या दिवशी चोरी झाली, तर परतल्यावर पाहायला काय उरेल? ‘हालचाल झाली तरच नोंदव’ अशी सोय असते खरी, पण झुलणारी फांदी ही हालचालच आहे, आणि सावकाश सरकणारा माणूस कधीकधी नोंदीतून निसटतो. डिस्क मोठी घ्यावी आणि किती दिवस मागे जाता येते ते पाहावे, हे सरळ.

तार की लहरी?

तारेविना चालणारा कॅमेरा घेण्याचा मोह होतो, कारण भिंतीला छिद्रे पाडावी लागत नाहीत. (वीज द्यायला तार लागतेच, ही गोष्ट खरेदीच्या भरात विसरली जाते.) वाय-फायच्या लहरी बहुधा २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या असतात. प्रकाशाच्या वेगाला वारंवारितेने भागले की तरंगलांबी येते, अनुक्रमे १२.५ आणि ६ सेंटिमीटर. विटांच्या भिंतीतून २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यातल्या त्यात बऱ्या जातात. स्लॅबमधल्या सळ्यांची जाळी, लोखंडी कपाट आणि भरलेली पाण्याची टाकी हे त्यांचे शत्रू. राउटर आतल्या खोलीत कपाटावर आणि कॅमेरा बाहेर फाटकावर अशी मांडणी असेल तर चित्र अडखळणारच.

याहून महत्त्वाची अडचण वेगळी आहे. हवा सामाईक असते. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे. वर्गात एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी थांबायचे, तसे. दूरचा, क्षीण लहरींचा कॅमेरा हळू बोलतो, म्हणून तो इतरांचाही वेळ खातो. शेजारच्या दहा घरांचे राउटर त्याच वाहिनीवर असले तर गोंगाट वाढतो. कॅमेरा चोवीस तास बोलत असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याला तार का द्यावी हे कळेल. शिवाय लहरींत मुद्दाम अडथळा आणता येतो. तार तोडायला जागेवर जावे लागते.

तारेचीही एक सुंदर गोष्ट आहे. जाळ्याच्या तारेत आठ बारीक तारा असतात आणि त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. जोडीतल्या दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत जातात आणि पलीकडे दोहोंतला फरक मोजला जातो. बाहेरून आलेला विद्युतचुंबकीय गोंगाट पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत नाहीसा होतो. प्रत्येक जोडीचा पीळ कमी-अधिक ठेवतात, म्हणजे जोड्या एकमेकींत मिसळत नाहीत. ‘दोन्ही टोकांना रंग सारखे लावले की झाले’ असे काही कारागीर मानतात. तसे नाही. टोकाच्या जोडणीत तिसरी आणि सहावी तार ही एक जोडी असते. रंग आपल्या मनाने ओळीने लावले तर ती जोडी फुटते. जवळच्या अंतरावर काम चालते आणि लांबवर चुका होऊ लागतात. नियमाप्रमाणे जोडलेली तार १०० मीटरपर्यंत भरवशाची. ती विजेच्या वायरिंगच्या नळीतून मात्र नेऊ नये.

रात्री बंद पडणारा कॅमेरा

दिवसभर ठणठणीत असलेला कॅमेरा अंधार पडताच बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. घरात कुणीतरी भुताटकीही सुचवते. खरा आरोपी ओहमचा नियम आहे.

कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो आणि अडाप्टर घरात, कॅमेऱ्यापासून ३० मीटरवर आहे, असे समजा. वीज त्याच बारीक तारेच्या दोन धाग्यांतून नेली आहे. अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८८ ओहम येतो. तांब्याच्या रोधकतेवरून मुलांना तो काढायला सांगावा. जाऊन-येऊन ६० मीटरचे ५.३ ओहम झाले. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो. तारेत १.१ व्होल्ट खर्च होतात, कॅमेऱ्याला १०.९ मिळतात आणि त्यात त्याचे भागते. रात्री अवरक्त दिवे लागतात, प्रवाह ०.५ अँपिअर होतो आणि तारेत २.६५ व्होल्ट जातात. उरलेल्या ९.३५ व्होल्टवर अनेक कॅमेरे तग धरत नाहीत. कॅमेरा बंद पडतो, दिवे विझतात, प्रवाह घटतो, व्होल्टता पुन्हा वर येते, कॅमेरा जागा होतो, दिवे लावतो आणि पुन्हा कोसळतो. असे पहाटेपर्यंत.

स्वस्त तारेत हा रोग बळावतो. बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी तार मिळते. तिचा रोध निव्वळ तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. ब्लेडने खरवडल्यावर आत पांढरे दिसले, तर ती ओळखावी.

यावरचा उत्तम उपाय विजेचे अभियंते शतकभर वापरत आले आहेत. कोयनेची वीज मुंबईला आणताना विद्युतदाब लाखो व्होल्टपर्यंत चढवतात, म्हणजे तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २००३ मध्ये ठरलेल्या मानकाप्रमाणे जाळ्याच्या तारेतूनच सुमारे ४८ व्होल्टने वीज पाठवता येते. तिला पीओई म्हणतात. सहा वॉटच्या कॅमेऱ्याला मग ०.१२५ अँपिअरच पुरतो, आणि वीज दोन धाग्यांऐवजी चार धाग्यांतून गेल्याने रोधही निम्मा होतो. तारेत फक्त एक तृतीयांश व्होल्ट जातो. वीज सोडण्याआधी स्विच पलीकडे सुमारे २५ हजार ओहमचा ठरलेला रोध आहे का ते तपासतो. तो आढळला तरच ४८ व्होल्ट देतो, म्हणून चुकून जोडलेला संगणक जळत नाही. ही तपासणी न करणारी स्वस्त साधनेही मिळतात, ती टाळावीत.

असे सर्व कॅमेरे एकाच स्विचवर आले की आणखी एक सोय होते. स्विच, रेकॉर्डर आणि राउटर एवढ्यांनाच एका इन्व्हर्टरवर घेतले, तर भारनियमनातही पहारा चालू राहतो.

पत्ता आणि कडी

आता चौथी फजिती, आणि आमच्या मते सर्वांत गंभीर.

इंटरनेटवरच्या जुन्या, अजूनही चालू असलेल्या पत्त्यांत ३२ बिट असतात. २ चा ३२ वा घात म्हणजे सुमारे ४२९ कोटी. जगातल्या सर्व उपकरणांना हे पुरत नाहीत. म्हणून १९९६ मध्ये काही पत्ते ‘घरातल्या घरात वापरा’ म्हणून राखून ठेवले गेले. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ‘दुसरा मजला, खोली नंबर सात’ हा पत्ता प्रत्येक चाळीत असतो, तसा १९२.१६८.१.७ हा पत्ता लक्षावधी घरांत असू शकतो. बाहेरच्या जगाला फक्त चाळीचा पत्ता, म्हणजे राउटरचा पत्ता माहीत असतो. आतून कुणी पत्र पाठवले तर राउटर ते टिपून ठेवतो आणि आलेले उत्तर नेमक्या खोलीत पोचवतो. न मागता आलेले पत्र कुणाचे, हे त्याला ठाऊक नसल्यामुळे तो ते टाकून देतो. ही मुळात पत्ते वाचवण्याची युक्ती, पण तिने आपोआप कडीचे काम केले.

मग पुण्यातल्या मुलाला रत्नागिरीच्या घराचे फाटक मोबाइलवर कसे दिसते? एक मार्ग असा, की राउटरला सांगून ठेवायचे: अमुक क्रमांकाच्या दारावर जो कुणी येईल त्याला थेट कॅमेऱ्याकडे सोड. म्हणजे कडी काढून ठेवणे. काही कॅमेरे तर मालकाला न विचारता राउटरला परस्पर विनंती करतात आणि राउटरही ती मानतो. दुसऱ्या मार्गात कॅमेरा स्वतःच निर्मात्याच्या दूरच्या संगणकाला आतून पत्र पाठवतो आणि मोबाइलही तिथेच चौकशी करतो. कडी लागलेली राहते, पण विश्वास त्या मध्यस्थावर टाकावा लागतो. तिसऱ्या मार्गात घराच्या राउटरपर्यंत आपलाच एक सांकेतिक बोगदा खणायचा, ज्याला व्हीपीएन म्हणतात. याला थोडी खटपट लागते, तरी ज्यांना जमेल त्यांनी हाच पत्करावा.

कडी काढल्यावर काय होते ते २०१६ मध्ये जगाने पाहिले. ‘मिराई’ नावाची एक आज्ञावली इंटरनेटवरची दारे ओळीने ठोठावत सुटली. तिच्याकडे किल्ल्यांचा जुडगा होता: कारखान्यातून निघताना उपकरणांना दिलेली साठेक नावे आणि पासवर्ड. त्यांतला एखादा चालला की ते उपकरण तिचे गुलाम होई आणि स्वतःही दारे ठोठावू लागे. ऐन भरात सुमारे ६ लाख उपकरणे तिच्या ताब्यात होती, आणि त्यांत घरगुती कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर यांचाच भरणा होता. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी या फौजेने डिन या कंपनीवर एकाच वेळी मागण्यांचा मारा केला. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगण्याचे काम ही कंपनी करी. ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी स्थळे अमेरिकेत काही तास मिळेनाशी झाली. आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांनी डिसेंबर २०१७ मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. ज्यांचे कॅमेरे या मोहिमेत लढले त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नसेल. कॅमेरा बंद करून चालू केला की मिराई पुसली जाई, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात पुन्हा शिरे.

तिथे कॅमेऱ्यांचा उपयोग दुसऱ्यांवर हल्ला करण्यासाठी झाला. आपल्याकडे याहून वाईट घडले आहे. राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आले. पकडलेल्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यांतले तरुणही होते. असे कॅमेरे सोप्या, कारखान्यातून आलेल्या पासवर्डने उघडल्याचे तपासाच्या बातम्यांत आले. त्या स्त्रियांना कॅमेरा सुरक्षेसाठी आहे असेच वाटत असणार.

पासवर्डचे गणित वर्गात जरूर करावे. कुणी सेकंदाला हजार प्रयत्न करतो असे समजा. चार अंकी क्रमांकाच्या १०,००० शक्यता १० सेकंदांत संपतात. लहान लिपीतल्या आठ इंग्रजी अक्षरांच्या, म्हणजे २६ च्या आठव्या घाताएवढ्या शक्यता संपायला साडेसहा वर्षे लागतात, आणि बारा अक्षरांना सुमारे ३० लाख वर्षे. चारच अक्षरे वाढवल्याने हे झाले! अट एवढीच, की अक्षरे खरोखर कशीही निवडलेली हवीत. मालकाचा मोबाइल क्रमांक दहा अंकी असला तरी तो साऱ्या गल्लीला पाठ असतो. आणि कारखान्यातला पासवर्ड कितीही लांबलचक असो, तो माहितीपुस्तिकेत छापलेला असल्याने एका प्रयत्नात संपतो.

म्हणून बसवणारा कारागीर दारात उभा असतानाच राउटरचा, रेकॉर्डरचा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड आपल्या हाताने बदलावा. त्याच्या मोबाइलमध्ये आपले घर दिसत राहिलेले नाही ना, तेही विचारावे; यात अविश्वास नाही, व्यवहार आहे. न मागता दारे उघडणारी राउटरमधली सोय बंद करावी. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे करता येते. कॅमेरे त्यावर ठेवले तर एखादा फितूर झाला तरी तो घरच्या संगणकापर्यंत सहज पोचत नाही. निर्माता आज्ञावलीतल्या चुका सुधारून नवी आवृत्ती देत असतो, ती चढवावी. जो निर्माता ती देतच नाही त्याचा कॅमेरा स्वस्तातही घेऊ नये. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या अशा कॅमेऱ्यांना शासनाने ठरवलेल्या सुरक्षा-कसोट्यांना उतरावे लागते, तेव्हा खरेदीच्या वेळी त्याची चौकशी करावी. आणि झोपण्याच्या खोलीत कॅमेरा लावूच नये. जे टिपलेच नाही ते चोरता येत नाही.

शाळेतला कॅमेरा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या घटनेनंतर महाराष्ट्र शासनाने शाळांना कॅमेरे बसवण्याचे आदेश दिले. मागणी रास्त होती. पण बसवल्यावर त्यांचा पासवर्ड कुणाकडे आहे, हा प्रश्न किती शाळांत विचारला गेला? तो मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असेल, किंवा कंत्राटदाराने दहा शाळांना एकच ठेवला असेल, तर मुलांच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेराच त्यांच्या वाटेतला धोका होतो. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षणाच्या कायद्यातून व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती वगळली आहे. शाळेला ही सूट नाही. चित्रण कोण पाहू शकतो, किती दिवस ठेवले जाते आणि कोणी कधी पाहिले याची नोंदवही ठेवायला खर्च येत नाही.

राहता राहिले घड्याळ. चित्रणाच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ रेकॉर्डरमधला क्वार्ट्झचा स्फटिक मोजतो. तो दहा लाखांत वीस भागांनी चुकला, तर दिवसाला १.७ सेकंद आणि वर्षाला दहा मिनिटांहून अधिक फरक पडतो. आतले बटणाएवढे विद्युतघट संपले तर वीज गेल्यावर यंत्र भलतीच तारीख दाखवू लागते. इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय रेकॉर्डरमध्ये असते; ती चालू करावी आणि वेळक्षेत्र भारताचे, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढचे आहे ना ते पाहावे. चीनची वेळ तशीच राहिलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. त्यांच्या हिशेबाने चोर येतो तो अडीच तास उशिरा.